भातावरच्या किडी : वाचकांचे प्रश्न

भाताच्या किडींबद्दल आलेल्या पत्रांतले बहुतेक प्रश्न शेवटी एकाच ठिकाणी येतात : ‘आता काय मारू?’ उत्तर देण्यापूर्वी आम्हाला तीन गोष्टी कळाव्या लागतात. लावणीला किती दिवस झाले, एका चुडात (एका जागी लावलेल्या रोपांच्या झुपक्यात) काय आणि किती दिसतं, आणि ते चुडाच्या बुंध्याशी आहे की शेंड्याशी. पत्रात एवढं लिहिलंत तर उत्तर नेमकं देता येतं. खालच्या उत्तरांत कोकणातल्यांसाठी ‘लावणी’ आणि विदर्भातल्यांसाठी ‘रोवणी’ असं दोन्ही आलं आहे. वाचताना आपापलं समजून घ्यावं.

प्रश्न : लावणीला महिना झाला. मधले पोंगे पिवळे पडून वाळत आहेत. दुकानदाराने दाणेदार औषध आणि फवारणी दोन्ही दिली. गेल्या वर्षी एवढं करूनही शेवटी लोंब्या पांढऱ्या पडल्या. चूक कुठे झाली? (संगमेश्वर, रत्नागिरी)

आधी वाळलेला पोंगा, म्हणजे मधलं न उलगडलेलं पान, दोन बोटांत धरून ओढा. तो अलगद निघून आला, खालचं टोक कुरतडलेलं, कुजकट दिसलं, तर खोडकिडा. उंदराने तोडलेला फुटवा तिरका कापलेला असतो आणि बहुधा बाजूलाच पडलेला सापडतो. पुढे लोंबी पांढरी पडते तेव्हाही हीच परीक्षा. खोडकिड्याची पांढरी लोंबी, म्हणजे पळींज, ओढली की सुळकन हातात येते. मानमोडी करपा या बुरशीच्या रोगाने वाळलेली लोंबी तशी निघत नाही, आणि तिच्या मानेवर तपकिरी-काळा डाग असतो. करप्याला कीटकनाशक मारून पैसे घालवणारे दर वर्षी भेटतात, म्हणून हे आधी सांगितलं.

आता मोजा. बांधापासून चार पावलं आत जा, तिरप्या रेषेत चालत २० चूड निवडा. सगळे फुटवे मोजा, त्यातले गाभा मेलेले मोजा. २० चुडांत २४० फुटवे आणि त्यात १२ मेलेले, म्हणजे बरोबर ५ टक्के. औषधाचा विचार करायची पातळी तीच. तिच्याखाली असाल तर थांबा. फुटव्यांच्या काळात गेलेल्या एखाद-दोन फुटव्यांची भरपाई भात नवे फुटवे काढून करतो. पोटरीनंतर, म्हणजे लोंबी पानाच्या आवरणात भरल्यावर, मात्र ती सोय संपते. तिथे गेलेली लोंबी गेलीच.

चूक कुठे झाली ते पतंगाच्या चालीत आहे. पिवळ्या खोडकिड्याची मादी पानाच्या शेंड्याजवळ अंड्यांचा पुंजका घालते आणि त्यावर तांबूस-पिवळसर लव चिकटवते. साधारण आठवड्याभरात अळ्या निघतात, थोडा वेळ पानावर फिरतात, मग खोडात शिरतात. बाहेरून मारलेलं औषध गाठू शकतं ते या मधल्या थोड्या दिवसांतच. तुम्ही गाभा वाळलेला पाहून फवारलंत, म्हणजे अळी आत जाऊन बरेच दिवस झाल्यावर. पांढरी लोंबी दिसल्यावर तर काहीही मारू नका. त्या लोंबीत दाणा भरणार नाही आणि अळी खोडाच्या आत सुरक्षित आहे.

वेळापत्रक असं ठेवा. पुढच्या वेळी लावणीला आवण (रोपं) उपटलं की जुडीचे शेंडे खुडा. अंडीपुंज बरेचसे तिथेच असतात. खुडलेले शेंडे बांधावर टाकू नका, नाहीतर अळ्या चालत खाचरात जातील. भोकं पाडलेल्या डब्यात घालून तो डबा पाणी आणि थोडं रॉकेल असलेल्या परातीत ठेवा. अळ्या पाण्यात पडून मरतात आणि अंड्यांतून निघालेल्या परोपजीवी गांधीलमाश्या भोकांतून उडून परत शेतात जातात. जाळून टाकलंत तर मित्र आणि शत्रू दोन्ही गेले.

लावणीनंतर ३० दिवसांनी ट्रायकोग्रामा जापोनिकमची, म्हणजे खोडकिड्याच्या अंड्यांत अंडी घालणाऱ्या बारीक गांधीलमाशीची, कार्डं लावा. हेक्टरी ५० हजार अंडी, म्हणजे २० हजार अंड्यांचं एक कार्ड साधारण एका एकराला. पट्ट्या कापून संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूला टाचा, एकाच कोपऱ्यात नको, सगळीकडे. आठवड्याच्या अंतराने तीन ते चार वेळा. कार्ड लावल्यावर निदान आठवडाभर कोणतंही कीटकनाशक नको. कार्ड आणि फवारणी एकाच हप्त्यात करणाऱ्याने कार्डाचे पैसे पाण्यात घातले असं समजावं. मुंग्यांकडेही लक्ष ठेवा. बांधालगत टाचलेली पट्टी त्या एका रात्रीत साफ करतात.

पातळी ओलांडली, किंवा चौरस मीटरमागे एक अंडीपुंज दिसू लागला, तर क्लोरॅन्ट्रानिलीप्रोल ०.४ टक्के दाणेदार एकरी ४ किलो, किंवा कार्टाप हायड्रोक्लोराइड ४ टक्के दाणेदार हेक्टरी १८ ते २५ किलो. दाणे टाकताना खाचरात दोन-तीन बोटं पाणी हवं आणि ते तीन-चार दिवस तिथेच राहायला हवं. कोकणात गाडी इथेच अडते. वरच्या खाचराचं पाणी खालच्यात, खालच्याचं पऱ्ह्यात (ओढ्यात). मुसळधारेच्या दिवशी टाकलेले दाणे शेजाऱ्याच्या शेतात जातात आणि पुढे ओढ्यातले मासे मारतात. उघडीप बघा, वाफ्याची तोंडं मातीने बंद करा, मगच टाका.

कापणी जमिनीलगत करा. अळी धसकटाच्या तळाशी जाऊन उन्हाळा काढते. नांगरट करून धसकटं उघडी पाडली की ती मरते. भातामागे ओलीवर वाल टोकणाऱ्यांना लगेच नांगरता येत नाही. त्यांनी निदान विळा खाली धरावा आणि वाल निघाल्यावर नांगरावं. मात्र एकट्या तुमच्या खाचरात हे करून पतंग थांबत नाहीत. वाडीतल्या चार-पाच जणांनी मिळून केलं तर फरक दिसतो.

प्रश्न : धानात कांद्याच्या पातीसारख्या नळ्या निघाल्या आहेत. कोणी गाद म्हणतात. ४० दिवसांचा धान आहे, रोवणी ऑगस्टमध्ये झाली. काय फवारावं? (लाखांदूर, भंडारा)

गादच आहे. डासाएवढी, तांबूस पोटाची माशी रात्री अंडी घालते, अळी सरकत वाढीच्या कोंबापर्यंत पोचते आणि तिच्या लाळेमुळे पोंग्याचं पान न होता नळी होते. नळी दिसली म्हणजे तो फुटवा लोंब देणार नाही. नळीच्या टोकाला बारीक भोक आणि त्यात अडकलेली कात दिसली, तर माशी उडूनही गेली. मग नळी पाहून फवारणी कोणासाठी?

उशिरा झालेली रोवणी, ढगाळ हवा आणि रिमझिम हे गादमाशीला मानवणारं त्रिकूट. तुमच्याकडे तिन्ही जुळले. यंदा १० टक्क्यांच्या पुढे गाद असेल आणि नवे फुटवे अजून येत असतील तरच दाणेदार औषधाचा उपयोग. फिप्रोनील ०.३ टक्के हेक्टरी २५ किलो, बांधीत (खाचरात) पाणी साठवून. फुटवे येणं थांबलं असेल तर तोही खर्च करू नका. एक गोष्ट मात्र लक्षात घ्या : खोडकिड्यासाठी सांगितलेलं क्लोरॅन्ट्रानिलीप्रोल गादमाशीवर चालत नाही. ते मुख्यतः पतंगवर्गीय अळ्यांचं औषध आहे. दुकानात ‘धानाचं दाणेदार’ एवढंच मागितलं तर हाती काय येईल सांगता येत नाही, म्हणून किडीचं नाव घेऊनच मागा.

खरी तयारी पुढच्या हंगामाची. पऱ्हे (रोपं) रोवण्याआधी मुळं क्लोरपायरीफॉस २० ईसीच्या द्रावणात (लिटरला १ मिली) रात्रभर, म्हणजे १२ तास बुडवून ठेवायची. हातमोजे घालून जुड्या हाताळा. रोवणी जुलैत उरका. धुऱ्यावरचं (बांधावरचं) देवधान, म्हणजे रानटी भात, आणि गवत काढा. माशी तिथेच टिकून राहते.

गादीचा एक मोठा शत्रू तुमच्याच शेतात असतो : प्लॅटिगॅस्टर ओरायझी नावाची बारीकशी काळी गांधीलमाशी. ती गादमाशीच्या अंड्यात अंडं घालते आणि पुढे अळी आतून पोखरली जाते. नळी उभी चिरून बघा. आत एक लालसर अळी किंवा कोष असेल तर ती गाद ‘जिवंत’. त्याऐवजी तपकिरी, फुगीर, आत बारीक दाण्यांसारखे कोष भरलेली अळी दिसली तर ती परोपजीवीयुक्त. अशा नळ्या जमवून रोवणीनंतर १० दिवसांनी दर १० चौरस मीटरला एक याप्रमाणे नव्या बांधीत खोचायची शिफारस आहे, दुसरी खेप ३० दिवसांनी. उशिराच्या पिकात सप्टेंबरात अशा नळ्या बऱ्याच सापडतात. त्या वेळी जड फवारणी केली की हा मित्रच आधी मरतो.

सिंदेवाहीच्या संशोधन केंद्राने गादीला तोंड देणारे वाण दिले आहेत. पण ‘रायपूरला गाद येत नाही’ असं ऐकून तिकडचं बियाणं आणू नका. गादमाशीचे वेगवेगळे प्रकार आहेत, भंडाऱ्याकडचा निराळा. एका भागात प्रतिकार करणारा वाण दुसऱ्या भागात बळी पडतो.

प्रश्न : मावा-तुडतुड्यासाठी तीन फवारण्या झाल्या. प्रत्येक वेळी दोन दिवस बरं वाटलं, मग पहिल्यापेक्षा जास्त. आता बांधीच्या मध्ये गोल जळल्यासारखे पट्टे पडलेत. औषध बनावट होतं का? (आमगाव, गोंदिया)

बनावट नसावं. चुकीचं आणि चुकीच्या जागी मारलेलं असावं. तुम्ही जोडलेल्या यादीत दोन फवारण्या सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातल्या आहेत, एक सायपरमेथ्रिनच्या मिश्रणाची. तपकिरी तुडतुड्यावर हा गट उलटतो. ते कसं, हे नीट समजून घ्यायला हवं, कारण धानात पैसा सर्वांत जास्त इथेच वाया जातो.

तुडतुड्याची मादी अंडी पानावर ठेवत नाही. पानाच्या देठाशी खोडाला वेढणारं जे आवरण असतं, त्याला चीर पाडून आत ठेवते. फवारा तिथे पोचत नाही. शेतात ही अंडी शोधून सोंडेने शोषून घेणारा एक बारीक हिरवा ढेकूण असतो, मिरीड. पिल्लं आणि प्रौढ खाणारे कोळी बुंध्याशी असतात. पायरेथ्रॉइड मारलं की वर दिसणारे तुडतुडे पडतात, बरं वाटतं. त्याच वेळी कोळी आणि मिरीडही संपतात. आठवड्याने अंड्यांतून नवी पिल्लं बाहेर पडतात तेव्हा त्यांना खाणारं शेतात कोणी उरलेलं नसतं. त्यात या गटातल्या काही औषधांची थोडकी मात्रा मिळालेल्या माद्या जास्त अंडी घालतात, हेही दिसून आलेलं आहे. इंडोनेशियाने याच तुडतुड्यामुळे १९८६ मध्ये भातावरच्या ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली होती. तिथेही आधी फवारण्या वाढवून पाहिल्या होत्या.

आता जळलेले पट्टे. ते परत हिरवे होणार नाहीत. पट्ट्याच्या कडेपासून चार-पाच पावलं बाहेर अजून हिरवं असलेलं पीक तुडतुड्याचं पुढचं ताट आहे. लक्ष तिथे द्या.

पहिलं काम, पाणी काढा. तुडतुड्याला पाण्याच्या वर चार बोटांची दमट, अंधारी जागा लागते. बांधी तीन-चार दिवस कोरडी केली की तिथला दमटपणा जातो. जमिनीला भेगा पडेपर्यंत थांबू नका, विशेषतः लोंब निसवत (बाहेर पडत) असेल तर.

दुसरं, मोजा. शेंड्याकडे पाहून उपयोग नाही. वाकून चूड एका हाताने बाजूला करा, दुसऱ्या हाताने बुंध्यावर दोन-तीन टिचक्या मारा. पाण्यावर पडून तिरके पोहतात, उडतात ते तुडतुडे. २० चुडांत मोजून सरासरी काढा. चुडामागे १० च्या आसपास आल्यावर फवारणीचा विचार. त्याच वेळी कोळी आणि मिरीडही मोजा. दोन तुडतुड्यांमागे एक मित्रकीटक असेल तर चार दिवसांनी पुन्हा मोजा, फवारू नका. आखूड पंखांच्या जाड माद्या जास्त दिसल्या तर समजा की बस्तान इथेच बसलं आहे आणि पुढची पिढी मोठी येणार. लांब पंखांचे मात्र नुकते बाहेरून आलेले असतात.

तिसरं, फवारायचंच झालं तर तुडतुड्यासाठीचंच औषध. पायमेट्रोझिन ५० डब्ल्यूजी हेक्टरी ३०० ग्रॅम, किंवा बुप्रोफेझिन २५ एससी हेक्टरी ८०० मिली, किंवा ट्रायफ्ल्युमेझोपायरिम १० एससी हेक्टरी २३५ मिली. यातलं एकच, मिश्रण नाही. पुढची फवारणी लागली तर दुसऱ्या गटातलं. इमिडाक्लोप्रिडला अनेक ठिकाणचे तुडतुडे सरावले आहेत, त्यावर विसंबू नका.

इथे एक फसगत ठरलेली. बुप्रोफेझिनने पिल्लाला कात टाकता येत नाही, प्रौढ मरत नाहीत. पायमेट्रोझिनने तुडतुडा खाणं थांबवतो आणि काही दिवसांनी मरतो. दुसऱ्या दिवशी तुडतुडे जिवंत दिसले म्हणून लोक तिसऱ्या दिवशी पायरेथ्रॉइड मारतात आणि सगळं परत पहिल्यापासून. पाच दिवस थांबून मोजा.

चौथं, नोझल. एकराला २०० लिटर पाणी लागतं, १६ लिटरच्या पंपाचे बारा-तेरा. बहुतेकजण पाच-सहा पंपांत एकर उरकतात आणि औषध मात्र पंपाच्या मापाने घालतात, म्हणजे मात्रा निम्मी पडते. पायमेट्रोझिनचे एकरी १२० ग्रॅम बारा-तेरा पंपांत वाटले तर पंपाला साधारण ९ ते १० ग्रॅम येतात. दांडी खाली नेऊन नोझल बुंध्याकडे वळवा, एका ओळीत जाताना एक बाजू, येताना दुसरी. दाट धानात शिरता येत नाही ही तुमची अडचण खरी आहे. त्याचा उपाय रोवणीच्या दिवशी असतो : दर दहा ओळींनंतर ३० ते ४० सेंमीचा पट्टा मोकळा. हवा खेळते, ऊन बुंध्यापर्यंत जातं आणि फवारणाऱ्याला वाट मिळते. पट्टा सोडल्याने पीक कमी येतं ही भीती निराधार आहे. कडेच्या ओळी जोमाने वाढून ती जागा भरून काढतात.

आणि युरिया. तुम्ही लिहिलंय की ‘पीक फिकं दिसलं म्हणून’ एक पोतं जास्त टाकलं. तुडतुड्याला त्याहून आवडतं आमंत्रण नाही. नत्राचे हप्ते पाडूनच द्या : ४० टक्के रोवणीला, ४० टक्के फुटव्याला, २० टक्के लोंब धरताना.

प्रश्न : इंद्रायणी भाताची पानं उभी गुंडाळून आतून पांढरी होत आहेत. लावणीला २२ दिवस. गावात सगळे फवारत आहेत. (मावळ, पुणे)

तुम्ही फवारू नका. पाने गुंडाळणारी अळी आहे, दिसायला भयंकर, या वयात नुकसान जवळजवळ शून्य. व्हिएतनामच्या मेकाँग खोऱ्यात १९९४ पासून शेतकऱ्यांना नेमकं हेच सांगितलं गेलं : पहिल्या ३०-४० दिवसांत या अळीसाठी फवारू नका. दोघांनी मिळून बोरीची काटेरी फांदी किंवा दोर पिकावरून ओढा, गुंडाळ्या सुटतात, अळ्या पाण्यात पडतात. चुडामागे ताजी गुंडाळलेली दोन पानं झाल्याखेरीज औषध नाही. खरी राखण नंतर, ध्वजपान, म्हणजे लोंबीजवळचं शेवटचं पान, निघाल्यावर. दाणा भरतो तो त्याच पानाच्या जोरावर.

प्रश्न : खाचरात पाण्यावर पानाचे कापलेले तुकडे तरंगतात. शेजारी रॉकेलचा दोर फिरवायला सांगतात. यात तथ्य आहे का, की जुनी समजूत? (कुडाळ, सिंधुदुर्ग)

पुरेपूर तथ्य आहे. ही सुरळीतील अळी. पानाचा तुकडा कापून त्याची सुरळी करते, आत राहते आणि सुरळीसकट तरंगत एका चुडावरून दुसऱ्यावर जाते. तिला पाण्यातला श्वास घेता यावा म्हणून अंगावर कल्ल्यांसारखे धागे असतात. त्यामुळे पाणी गेलं की ती अडचणीत येते.

सुंभ रॉकेलमध्ये भिजवा, दोन बाजूंनी धरून पिकाच्या शेंड्यांवरून ओढत न्या. सुरळ्या पाण्यात पडतात. मग पाणी एका तोंडातून सोडा आणि तोंडाशी जुनी मच्छरदाणी किंवा बारीक जाळी लावा. सुरळ्या तिथे गोळा होतील, उचलून जमिनीत पुरा. दोन-तीन दिवस खाचर कोरडं ठेवा. जाळी न लावता पाणी सोडलंत तर कीड खालच्या खाचरवाल्याला आंदण दिलीत. मग भांडणं होतात.

तुम्ही लिहिलेल्या पानावरच्या पांढऱ्या रेघा मात्र वेगळ्या किडीच्या वाटतात. निळसर, चकचकीत, लांबट भुंगेरे दिसले तर ते निळे भुंगेरे. भुंगा आणि अळी दोन्ही पानाचं हिरवं खरवडतात. चुडामागे एक भुंगा ही पातळी. बांधावरचं गवत काढा आणि युरियाचा हात आवरा. बहुतेक वेळा एवढ्यावर भागतं.

प्रश्न : प्रकाशसापळा रात्रभर लावतो, बादलीभर किडे पडतात. तरी शेतात कीड आहेच. कामगंध सापळे घेऊ का? जमीन १५ गुंठे. (इगतपुरी, नाशिक)

बादलीभर किडे म्हणजे बादलीभर कीड नव्हे. त्यात भुंगे, मित्रकीटक, नुसते दिव्यावर येणारे भाराभर असतात. सापळा संध्याकाळी सात ते दहा लावा आणि विझवा. शेताच्या मध्यावर ठेवू नका, दिव्याकडे येणारे सगळेच बादलीत पडत नाहीत, काही आजूबाजूच्या पिकावर उतरतात. बांधाच्या कडेला, खाली साबणाचं पाणी. सकाळी चाळणीत ओतून पिवळे पतंग आणि तुडतुडे तेवढे मोजा, वहीत लिहा. आकडा अचानक वाढला की आठवड्याभरात शेतात अंडी बघायला जायचं. सापळ्याचा उपयोग एवढाच, पण तो मोठा आहे.

कामगंध सापळ्यात मादीच्या वासाची गोळी असते, म्हणून फक्त नर येतात. टेहळणीसाठी हेक्टरी ५ पुरेत. हेक्टरी २० लावून नर संपवायचे, ही पद्धत १५ गुंठ्यांत चालत नाही, कारण फळलेल्या माद्या शेजारून उडत येतात. तुम्ही एक लावा, पिकाच्या शेंड्यांपेक्षा फूटभर वर, पीक वाढेल तसा उंचावत न्या. गोळी दुकानदाराने सांगितलेल्या मुदतीत बदला. जुनी गोळी शेतात टाकू नका, नर तिच्याकडेच जात राहतात.

प्रश्न : दाणा दुधात असताना हिरवट लांब पायांचे किडे लोंब्यांवर बसतात, जवळ गेलं की घाण वास येतो. दाणे पोचट राहतात. आमचे जुने लोक शेतात मेलेला खेकडा टांगायचे. (पेडणे, गोवा)

जुन्यांचं निरीक्षण बरोबर. लोंबीवरच्या ढेकण्यांना कुजणाऱ्या खेकड्या-माशांचा वास खेचतो. काठीला पिकाच्या उंचीवर मेलेले खेकडे बांधा, सकाळी लवकर ढेकण्या त्यावर जमतात, तेव्हाच पिशवी घालून पकडा आणि साबणाच्या पाण्यात बुडवा. ऊन चढल्यावर त्या बुंध्याकडे उतरतात, दुपारी शोधून सापडत नाहीत. हाच नियम फवारणीला, दुपारची फवारणी फुकट. चुडामागे एक ढेकूण दुधाच्या अवस्थेत दिसला तरच पुढचा विचार.

ढेकण्या आधी बांधावरच्या गवताच्या तुऱ्यांवर वाढतात, तुमचा भात निसवला की इकडे येतात. आजूबाजूच्यांपेक्षा पंधरा दिवस आधी किंवा नंतर निसवणाऱ्या एकट्या शेतावर सगळ्या तुटून पडतात. शक्य तो सगळ्यांनी एकाच सुमारास लावणी करा. आणि पावसाळी बेडूक खाचरातच राहू द्या. गोव्यात त्यांना पकडणं कायद्याने गुन्हा आहेच, शिवाय रात्रपाळीला फुकट काम करणारा दुसरा गडी कुठे मिळतो?

प्रश्न : कापणीला आठ दिवस असताना रात्रीत लोंब्या कापून जमिनीवर पडल्या. दिवसा एक अळी दिसत नाही. (शहापूर, ठाणे)

लष्करी अळी. दिवसा भेगांत, ढेकळांखाली, चुडाच्या बुंध्याशी दडते, अंधार पडल्यावर चढते. पाण्याचा निचरा झालेल्या कोरड्या खाचरात जास्त. चूड हलवून मातीवर बघा. चौरस मीटरला चार-पाच अळ्या म्हणजे धोका. कापणी इतकी जवळ असेल तर औषध मारू नका, त्याचा अंश दाण्यात उतरेल. दाणे ८०-९० टक्के पिवळे झाले असतील तर उद्याच कापा. अजून हिरवं असेल तर ठिकठिकाणी गवताचे ढीग ठेवा, सकाळी ते उचलून अळ्यांसकट नष्ट करा, पक्ष्यांना बसायला टी आकाराच्या काठ्या रोवा. पाणी असेल तर एकदा खाचर भरून घ्या, अळ्या वर येतात आणि बगळे उरलेलं काम करतात.

प्रश्न : दुकानात ‘थायमेट’ मिळत नाही. दुसरीकडून आणता येईल का? (मूल, चंद्रपूर)

नाही. थायमेट म्हणजे फोरेट, आणि त्यावर देशात ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आहे. कुणी चोरून देत असेल तर घेऊ नका, ते हाताने फेकणाऱ्याच्या जिवावरचं विष आहे. ज्या किडीसाठी हवं होतं तिचं नाव कळवा, पर्याय वर दिले आहेत.

प्रश्न : चारसूत्री पद्धतीत तुसाची राख टाकतात. तिने कीड कमी होते का, की फक्त खत? (भोर, पुणे)

कमी होते, थांबत नाही. तुसाच्या काळ्या राखेत सिलिका असते. भात ती उचलून पानाच्या आणि खोडाच्या सालीत भरतो. साल टणक झाली की खोडकिड्याच्या कोवळ्या अळीला शिरताना जड जातं. राख काळी हवी, म्हणजे अर्धवट जळलेली. पांढरी होईस्तोवर जाळलेल्या राखेतली सिलिका रोपाला सहज मिळत नाही, आणि नेमकी हीच चूक जास्त होते. रोपवाटिकेत चौरस मीटरला अर्धा ते एक किलो, गादीवाफ्याच्या वरच्या मातीत मिसळून.

किडीच्या दृष्टीने याच पद्धतीतली दुसरी दोन सूत्रं आम्हाला जास्त मोलाची वाटतात. एक, दोरीवर १५ आणि २५ सेंमी आलटून-पालटून लावणी, त्यामुळे चार चुडांचा चौक होतो आणि मधून हवा जाते. दोन, त्या चौकात २.७ ग्रॅमची युरिया-डीएपी ब्रिकेट ७ ते १० सेंमी खोल. हेक्टरी ६२,५०० ब्रिकेटा, वजनाने साधारण १७० किलो. नत्र हळूहळू सुटतं, पीक एकदम काळपट हिरवं होत नाही, आणि तुडतुडे-गुंडाळी अळीला आवडणारा तो लुसलुशीतपणा येत नाही. ब्रिकेट वरवर ठेवली तर मात्र नुसता युरिया फेकल्यासारखंच. अंगठ्याने पूर्ण दाबा आणि भोक चिखलाने बुजवा.

*औषधांची मात्रा घेतलेल्या डब्यावरच्या लेबलाशी ताडून पाहा. एकाच रसायनाची वेगवेगळ्या टक्केवारीची उत्पादनं बाजारात असतात, आणि वरचे आकडे दिलेल्या टक्केवारीचेच आहेत.*